सासऱ्यांची केमो सुरू झाली आहे, घरी नेमकं काय सांभाळायचं?

कृष्णाकाठ

सासरे, वय ६४, वजन ५८ किलो, मधुमेह आहे (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू). मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला, म्हणजे चौथी स्टेज. छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली ठेवलेली, शिरेला जोडलेली छोटी डबी) बसवलंय. फॉलफॉक्स नावाची केमो दर १४ दिवसांनी द्यायची ठरलंय, पहिली सायकल झाली. डे-केअरमध्ये सलाईनमधून औषध देतात आणि मग ४६ तासांचा पंप कमरेला लावून घरी सोडतात. केमो मिरजेला, आम्ही राहतो जत तालुक्यात. गाडीने दीड-दोन तास लागतात.

डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत गर्दी असते आणि आमचे प्रश्न घरी आल्यावर सुचतात. मला हे विचारायचंय:

१. ताप आला तर किती तापाला घाबरायचं? गावातल्या डॉक्टरांकडे नेलं तर चालेल का?
२. पंप घरी असताना काय बघायचं?
३. गार पाण्याला हात लागला की बोटांना झटके बसतात. परवा पाणी पिताना घसा आवळल्यासारखा झाला, सगळे घाबरलो.
४. खाणं निम्म्यावर आलंय. नातेवाईक गुळवेलीचा काढा द्या, साखर बंद करा म्हणतात.
५. बाबांना 'पोटात गाठ आहे' एवढंच सांगितलंय. हे किती दिवस चालेल?

सविस्तर लिहिलंत तर छापून घरात लावेन.

---

डेकेअर_सिस्टर

ताई, तापापासून सुरू करते, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ मिळतो, तापाला मिळत नाही.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्यातल्या न्यूट्रोफिल्स जंतूंशी लढतात. त्या कमी असताना पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही फारसा नसतो. ताप हीच एक खूण असते. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप एकदा जरी दिसला, तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. गोळीने ताप उतरतो, जंतुसंसर्ग तसाच वाढत राहतो आणि सकाळी पेशंट बीपी कमी झालेल्या अवस्थेत पोचतो. थंडी वाजून हुडहुडी भरली, पेशंट असंबद्ध बोलायला लागला किंवा एकदम गळाला, तर ताप नसला तरीही निघायचं. उलटीसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनमुळे पहिले काही दिवस ताप दबलेला राहू शकतो.

डिजिटल थर्मामीटर घ्या. जिभेखाली मोजा, गरम चहानंतर पंधरा मिनिटं थांबून. काखेत मोजलात तर आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी यातलं काहीही काउंट (पांढऱ्या पेशींची संख्या) कमी असताना नको, तिथल्या बारीक जखमेतून जंतू रक्तात जातात.

तुमचं अंतर जास्त आहे, म्हणून पुढच्या भेटीत एक काम नक्की करा. ऑन्कॉलॉजिस्टकडून (कॅन्सरच्या डॉक्टरांकडून) लेटरहेडवर पत्र घ्या: निदान, केमोचं नाव, औषधांच्या ॲलर्जी, आणि ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक शिरेतून किती द्यायचं. तुमच्या जवळचं चोवीस तास चालू असणारं हॉस्पिटल कोणतं ते आत्ताच ठरवा आणि तिथल्या डॉक्टरांना पत्र आधीच दाखवून ठेवा. पहिला डोस पोचल्यापासून तासाभरात जायला हवा, सीबीसीचा (रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. तिथून मग मिरजेला हलवा. कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य "ताप आलाय" असं नको. "केमो चालू आहे, अमुक तारखेला दिली, आता ताप आहे" असं असू द्या. गावातल्या दवाखान्यात गोळ्या-इंजेक्शन घेऊन परत येणं हा पर्याय धरू नका.

न्यूट्रोफिल्स किती आहेत ते काढायला सीबीसीमधल्या एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल्सच्या टक्केवारीने गुणायचं. पेशी २४०० आणि न्यूट्रोफिल्स ४० टक्के असतील तर ९६०. पाचशेच्या खाली गेलं की धोका खूप वाढतो. पुढची केमो द्यायला साधारण १५०० आणि प्लेटलेट्स ७५ हजार ते एक लाखाच्या वर बघतात. कमी असेल तर आठवडाभर पुढे ढकलतात. त्याने उपचार वाया जात नाही, त्यामुळे 'काहीही करून आजच द्या' असा आग्रह धरू नका.

पंप. आत रबरी फुगा असतो, तो हळूहळू आकसतो आणि औषध ढकलतो. त्याला बॅटरी नाही, आवाज नाही. नळीच्या टोकाजवळचा बारीक तुकडा, म्हणजे वेग ठरवणारा भाग, कातडीला चिकटवलेला असतो. तो अंगाच्या उबेवर चालेल असाच बनवलेला आहे, म्हणून तो कपड्यावर लोंबकळू देऊ नका आणि शेकही देऊ नका. पंप साधारण पोर्टच्या पातळीला ठेवा, झोपताना उशीशेजारी. सकाळ-संध्याकाळ फुग्याचा फोटो काढून ठेवा. दिवसभरात फरक दिसायलाच हवा. दिसला नाही तर क्लॅम्प (नळीवरची चिमटी) बंद आहे का, नळी दुमडली आहे का ते बघा आणि युनिटला फोन करा. दोन-चार तास उशिरा किंवा लवकर संपला तर काळजी नाही. पण बऱ्याच आधी, समजा एका दिवसातच संपला, तर त्याच दिवशी कळवायचं, कारण जास्त डोस गेल्याचे परिणाम नंतरच्या दिवसांत दिसतात.

औषध गळताना दिसलं तर क्लॅम्प बंद. हातमोज्यांचे दोन जोड घालून टिश्यूने टिपा, जागा साबणाच्या पाण्याने तीनदा धुवा, सगळं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून हॉस्पिटलला परत द्या. रिकामा पंपही परतच द्यायचा, घंटागाडीत नाही.

पोर्टची सुई वेगळी असते, तिला ह्यूबर सुई म्हणतात. साधी सुई टोचली की पोर्टच्या आतलं सिलिकॉन फाटतं. फ्लश करताना सिरिंज १० मिलीची किंवा मोठीच हवी, लहान सिरिंजचा दाब जास्त असतो आणि नळी आतून फुटू शकते. गावात कुणी 'मी काढतो सुई' म्हणालं तर आधी हे दोन प्रश्न विचारा. पोर्ट फ्लश केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर पोर्टमध्येच जंतू आहेत असं समजून निघा. त्या बाजूचा हात किंवा मान सुजली तर रक्ताची गुठळी असू शकते, तेही लगेच कळवा.

गारठा. हा फॉलफॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिनचा गुण. केमोच्या दिवसापासून पाच-सात दिवस गार काहीच नको. माठाचं पाणी, फ्रिजचं दार, पहाटेचा स्टीलचा तांब्या, उघड्या फरशीवर पाय, मोटरसायकलवरचा वारा, यातल्या कशानेही झटका बसतो. थर्मासमध्ये कोमट पाणी जवळ ठेवा, घरात पायमोजे, बाहेर जाताना नाका-तोंडावर मफलर. घसा आवळल्यासारखा होतो तेव्हा श्वासनलिका बंद झालेली नसते, तसं वाटतं. कोमट पाण्याचे घोट द्या, शांत बसवा, काही मिनिटांत सुटतं. मात्र सलाईन चालू असताना अंगाला खाज, पुरळ, चेहरा लाल, दम लागणं असं झालं तर ती ॲलर्जी. ती बऱ्याचदा पाच-सहा सायकली नीट पार पडल्यानंतर येते, तेव्हा 'इतके दिवस काही झालं नाही' म्हणून गप्प बसू नका. लगेच सिस्टरला हाक मारा.

दुसरा प्रकार हळू येतो: दोन केमोंच्या मधेही न जाणाऱ्या मुंग्या. दर वेळी विचारा, शर्टाची बटणं लावता येतात का, पायजम्याची नाडी बांधता येते का, चप्पल पायातून निसटलेली कळते का. नाही म्हणाले तर पुढचा डोस लावायच्या आधी डॉक्टरांना सांगा. ऑक्सॅलिप्लॅटिन कमी करून किंवा थांबवून बाकीची औषधं चालू ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे. डोस कमी होईल या भीतीने पेशंट मुंग्या लपवतात, आणि हे औषध थांबवल्यावरही मुंग्या काही महिने वाढत राहू शकतात.

---

मात्रा

उलटी, शौच आणि तोंड याबद्दल थोडं. औषधं तुमच्या कागदावर जशी लिहिलीत तशीच घ्यायची, मी फक्त ती कशासाठी आहेत ते सांगतो.

ऑनडॅन्सेट्रॉनने मळमळ थांबते, पण बद्धकोष्ठ होतं. दोन दिवस शौचाला झालं नाही तर नुसत्या इसबगोलावर राहू नका. पाणी कमी पोटात जात असेल तर इसबगोल उलट घट्ट बसतो. लॅक्टुलोज किंवा बिसाकोडिल डॉक्टरांना विचारून घरात ठेवा. पोट फुगलं, वायूही सरत नाही आणि उलट्या होतायत असं झालं तर रेचक न देता हॉस्पिटल गाठा. आतड्यात गाठ असताना अडथळा होऊ शकतो.

गोळी उलटी झाल्यावर नाही, उलटीच्या आधी द्यायची. रात्रीची ओलान्झापिन लिहून दिली असेल तर पाकिटातल्या माहितीपत्रकात मानसिक आजाराचा उल्लेख बघून बंद करू नका. केमोच्या मळमळीवर ती फार चांगली चालते. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात १० मिलिग्रॅमइतकंच काम २.५ मिलिग्रॅमने झालं आणि गुंगी कमी आली. सकाळी खूप झोप येत असेल तर डोसबद्दल जरूर विचारा.

पंपातल्या ५-एफयूने जुलाब होतात. लोपरामाइड २ मिलिग्रॅमची गोळी: आधी दोन, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसाला जास्तीत जास्त आठ. जुलाबासोबत ताप किंवा रक्त असेल तर ही गोळी न देता आधी फोन. एक लिटरचं ओआरएस पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्धं-अर्धं करून नाही. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त शौचाला जावं लागलं किंवा चोवीस तासांत थांबलं नाही, तर ॲडमिट करावं लागू शकतं. काही थोड्या लोकांत ५-एफयू पचवणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. त्यांना पहिल्याच सायकलला जोरदार जुलाब आणि तोंडात फोड येतात. तसं झालं असेल तर दुसऱ्या डोसच्या आधी हे स्पष्ट शब्दांत सांगा.

तोंडासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या, रोज नवं पाणी. ब्रश मऊ. झोंबणारे माउथवॉश बंद. बर्फ चघळला तर तोंड कमी येतं, केमो चालू असताना द्यावा.

---

डेकेअर_सिस्टर

मात्रा, बर्फाचं इथे चालणार नाही. नुसत्या ५-एफयूला तो सल्ला बरोबर आहे, पण यांना त्याच दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिन आहे. बर्फाने घसा आवळेल. ताई, छापताना ते वाक्य गाळा.

---

मात्रा

बरोबर. ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नको.

---

वाटीभर_वरण

आहारतज्ज्ञ म्हणून लिहिते. ५८ किलोला दिवसाला ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण १५०० ते १७०० कॅलरी लागतात. दोन अंडी १२, दोन वाट्या घट्ट वरण १२, दोनशे मिलीचे दोन ग्लास दूध १३, १०० ग्रॅम पनीर १८, वाटीभर दही ५, मूठभर शेंगदाणे ७, दोन ज्वारीच्या भाकऱ्या १० ग्रॅमच्या आसपास. इतकं मिळून ७५-७७ होतात. पनीरऐवजी चिकन चालेल, नीट शिजवलेलं. हे तीन जेवणांत बसत नाही, म्हणून दर दोन तासांनी अर्धी वाटी असं सात-आठ वेळा द्या. मुगाचं धिरडं, अंडं घातलेला मऊ भात, दुधातली नाचणीची पेज, दाण्याचं कूट घातलेली खिचडी, मेतकूट-भात-तूप. पातळ सूप आणि नारळपाण्याने पोट भरतं, ताकद येत नाही.

फोडणीच्या वासाने मळमळ होते, स्वयंपाक करताना त्यांना अंगणात बसवा. अन्न कोमट द्या, वाफाळतं नको आणि गारही नको. तोंडाला धातूची चव येत असेल तर लाकडी चमचा द्या, कोकमाचं सार द्या (तोंड आलेलं नसेल तर). त्यांचा सगळ्यात आवडता पदार्थ केमोच्या दिवशी करू नका, उलटी झाली की त्या पदार्थाचीच शिसारी बसते.

काउंट कमी असताना कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची कडधान्यं, उसाचा रस, गाड्यावरची चटणी, कापून ठेवलेली फळं नकोत. केळी, संत्री, पपई घरी धुऊन सोलून. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं शिजवलेलं अन्न दुसऱ्या कुणाला द्या.

साखर बंद केली म्हणून कॅन्सर उपाशी राहत नाही. शरीर प्रथिनं आणि स्नायू मोडून साखर तयार करतं, म्हणजे झीज पेशंटचीच होते. पण यांना मधुमेह आहे आणि डेक्सामेथासोनने दोन-तीन दिवस साखर चढते, विशेषतः दुपारनंतर. त्या दिवसांत फक्त उपाशीपोटी मोजून भागत नाही, रात्रीच्या जेवणाआधी मोजा. उलट ज्या दिवशी जेवण गेलंच नाही त्या दिवशी ग्लिमेपिराइड दिली तर साखर धोकादायक उतरते. अशा दिवशी आणि उलट्या-जुलाब चालू असताना दोन्ही गोळ्यांचं काय करायचं, ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

गुळवेल अजिबात नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस प्रसिद्ध केल्या आहेत. इथे यकृतात आधीच गाठी आहेत. रक्तात यकृताचे एन्झाइम्स वाढले तर ते काढ्यामुळे, केमोमुळे की आजारामुळे हे कळायला मार्ग राहत नाही आणि केमो लांबते. भाजीतली हळद चालेल, हळदीच्या कॅप्सूल नकोत. काढा देणाऱ्या नातेवाइकांना अंडी आणि दूध आणायला सांगा, त्यांनाही काहीतरी करायचंच असतं.

---

आरोग्यमित्र_नव्हे_मित्र

खर्चाचं विचारलं नाहीत तरी लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल असतं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी मंजुरी घ्यावी लागते. स्वतः भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत, म्हणून पुढच्या सायकलच्या आधी जा. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव सारखं नसेल तर तिथेच अडतं.

मुंबईला दुसरं मत घ्यायला जायचं असेल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यात दाखला घ्या, तिकीट आरक्षण खिडकीवर. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) सोबत न्या, नुसता कागद पुरत नाही.

---

सायंकाळ_ओपीडी

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, डॉक्टर आहे. पाचव्या प्रश्नाबद्दल.

केमोच्या वॉर्डात आठवडे काढलेल्या माणसाला आपल्याला काय झालंय याचा अंदाज बहुतेक वेळा असतो. घरचे बोलत नाहीत म्हणून तोही बोलत नाही, आणि मग दोन्ही बाजू एकेकट्या पडतात. त्याचा व्यवहारात तोटा असा की 'गाठ' समजणारा माणूस ताप, मुंग्या, काळी शौच या गोष्टी सांगत नाही, कारण त्या सांगण्यासारख्या आहेत हेच त्याला माहीत नसतं. शिवाय बँक, जमीन, वारस यांचे निर्णय त्याच्या हातून निसटतात.

सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. आधी विचारा, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" मग, "डॉक्टर जे सांगतील ते तुम्हाला स्वतः ऐकायचंय, की मुलाने ऐकलं तर चालेल?" ते 'मुलाला सांगा' म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय, तो पाळा. ऐकायचं म्हणाले तर डॉक्टरांसमोर बसवून सांगा. विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या, पण खोटं सांगू नका. 'तुम्ही बरे होणार' असं वचन देण्याऐवजी 'दुखू देणार नाही आणि एकटं सोडणार नाही' हे वचन द्या. ते पाळता येतं.

कुटुंबानेही ऑन्कॉलॉजिस्टना थेट विचारावं: केमोने काय साधायचंय, गाठी कमी झाल्या तर यकृताचं ऑपरेशन शक्य आहे का, पुढचा स्कॅन कधी (साधारण दोन-तीन महिन्यांनी असतो), आणि काय दिसलं तर केमो थांबवायची. यकृतापुरता पसरलेला आतड्याचा कॅन्सर काही जणांत ऑपरेशनयोग्य होतो, म्हणून हा प्रश्न राहू देऊ नका. दुसरीकडे, माणूस जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणातच घालवायला लागला, तर केमोने फायद्यापेक्षा त्रास जास्त होण्याची शक्यता असते. रोजच्या वहीत 'आज किती वेळ उठून होते' हा एक रकाना ठेवा. डॉक्टरांना त्यावरून खूप कळतं.

पॅलिएटिव्ह टीमला आत्ताच भेटा, केमो चालू असतानाच. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचा त्रास कमी झाला, आणि ते जगलेही जास्त, मध्यक (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. मिरज-सांगलीत तुमच्याच हॉस्पिटलमध्ये पेन क्लिनिक आहे का ते विचारा. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, तिथे पेशंट आणि सोबतचा माणूस दोघांना राहता येतं आणि पैसे लागत नाहीत.

दुखण्यासाठी मॉर्फिन लिहून दिलं तर 'शेवटचं औषध' म्हणून नकार देऊ नका. साध्या गोळीचा असर चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखायला लागल्यावर नाही. सोबत रेचक रोज, न चुकता, कारण मॉर्फिनच्या बद्धकोष्ठाची शरीराला सवय होत नाही. पहिले दोन-चार दिवस गुंगी आणि मळमळ असते, मग कमी होते. ठरलेल्या डोसच्या मधे दुखलं तर जादा डोस किती घ्यायचा, तेही लिहून घ्या.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र आणि गोळ्यांचं दोन्ही उद्याच विचारते. एक राहिलं: जाऊबाई पाच महिन्यांची गरोदर आहे आणि घरात तीन वर्षांचा नातू आहे. बाबांचे कपडे, संडास याबद्दल काय? नातू सारखा त्यांच्या मांडीवर असतो.

---

डेकेअर_सिस्टर

मांडीवर बसू द्या. मिठी, शेजारी बसून जेवण, शेजारी झोपणं, कशालाच हरकत नाही. फक्त पंप लावलेला असताना नळी ओढली जाणार नाही एवढं बघा, आणि नातवाला सर्दी-ताप असेल तर काही दिवस लांब. घरातल्या सगळ्यांना फ्लूची लस द्यायची का ते विचारून घ्या.

औषध लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतं. पंप चालू असेपर्यंत आणि सुई काढल्यावर ४८ तास काळजी घ्यायची. बाबांनी बसूनच लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. भारतीय संडास असेल तर नंतर दोन बादल्या पाणी ओता, कमोड असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश. उलटीचं भांडं वेगळं ठेवा. डागलेले कपडे आणि चादरी हातमोजे घालून वेगळ्या भिजवा, दोनदा धुवा. ही कामं जाऊबाईंकडे अजिबात नकोत, ना पंपाला हात लावणं ना भांडं उचलणं. तुम्ही किंवा घरातल्या पुरुषांनी वाटून घ्या. हातमोजे काढल्यावरही हात साबणाने धुवा. दुसरा संडास असेल तर ते दिवस बाबांसाठी एक राखून ठेवा. एकच असेल तर धुतल्यानंतर जाऊबाईंनी वापरायला हरकत नाही.